मस्टरवरचा सूर्य

गच्चीवर सोलर बसवलेला माणूस ओळखायला त्याची गच्ची बघावी लागत नाही. सकाळी साडेनऊच्या सुमारास त्याला रस्त्यात गाठावं आणि प्रकृती विचारावी. तो तुमच्या तोंडाकडे बघून उत्तर देत नाही. तुमच्या डोक्यावरून पलीकडे, आग्नेयेच्या आभाळात नजर लावून तो म्हणतो, "तशी बरी आहे, पण आज जरा ढगाळच वाटतंय."

अशी माणसं आता गावोगाव झाली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली, एक कोटी घरांचं उद्दिष्ट ठरलं, तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान जाहीर झालं, आणि जन्मभर पाहुण्यांच्या मागे पंख्याची बटणं बंद करत हिंडणाऱ्या गृहस्थाला चक्क वीज विकायची संधी मिळाली. साताऱ्यातल्या आमच्या गल्लीत हा पहिला मान सोलरकाकांचा. त्यांना खरं आडनाव आहे, पण ते आता पोस्टमनलाही आठवत नाही.

काकांची उभी हयात जिल्हा परिषदेत, आस्थापना शाखेत गेली. हजेरीपट, रजेचे अर्ज, सेवापुस्तकं, गोपनीय अहवाल. कोण किती वाजता आलं, कोण किती वाजता सटकलं, कोणाची आजी किती वेळा वारली, हे सगळं त्यांच्या कपाटात असायचं. निवृत्त झाल्यावर हाताखाली कोणी उरलं नाही. काकूंनी हाताखाली यायला पहिल्याच आठवड्यात नकार दिला. दोन वर्षं काकांनी पेपरवाल्यावर आणि दूधवाल्यावर भागवलं. मग गच्चीवर सहा पॅनल चढली आणि थेट सूर्यच त्यांच्या अखत्यारीत आला.

त्याच्यासाठी एक रजिस्टर आहे. लाल कापडी पाठीचं, लांबट, सरकारी कचेरीत असतं तसलं. मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये मिनिटामिनिटाचा हिशोब आपोआप साठतो, पण काकांचा सहीशिक्का नसलेल्या नोंदीवर विश्वास नाही. रोज संध्याकाळी सातला चष्मा लावून ते दिनांक, युनिट आणि शेरा लिहितात. तीन किलोवॉटच्या संचातून वर्षाच्या सरासरीने दिवसाला बारा-एक युनिट निघावेत, हा त्यांचा ठरलेला इष्टांक. त्याच्या वर गेलं तर "समाधानकारक". खाली गेलं तर खुलासा. मी ते रजिस्टर चाळलंय. जूनमधल्या एका तारखेपुढे लिहिलंय, "उशिरा हजर. दुपारी न सांगता निघून गेला." जुलैत तर ओळीने सहा दिवस, "गैरहजर. वैद्यकीय प्रमाणपत्र नाही." २ ऑगस्ट २०२७ ला संध्याकाळी आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे, त्याची नोंद त्यांनी आत्ताच करून ठेवली आहे : "लवकर जाण्याची सवलत. पूर्वसूचना प्राप्त."

वर्षाअखेर गोपनीय अहवालही लिहिला जातो. फेब्रुवारी महिन्याला "अत्युत्कृष्ट" मिळतं. जुलैला "सुधारणेस वाव आहे."

काकांचं हे प्रेम एका रात्रीत जमलेलं नाही. त्याची सुरुवात सोलर कुकरपासून आहे. ती पेटी अजून त्यांच्या माळ्यावर आहे. बाहेरून अल्युमिनियमचा पत्रा, वर दुहेरी काच, झाकणाला आतून आरसा आणि आत बाहेरून काळा रंग दिलेले चार गोल डबे. सकाळी दहाला वरण-भात लावायचा आणि एक वाजता जेवायचं, असा शास्त्रशुद्ध बेत. पेटीतलं अन्न शिजतं, आणि चांगलं शिजतं. अट एकच, मध्ये झाकण उघडायचं नाही, कारण उघडलं की कोंडलेली धग निघून जाते. ही अट काकांना झेपण्यातली नव्हती. हाताखालचा माणूस काम करतोय की नाही हे दर पंधरा मिनिटांनी न बघता ते राहणार कसे? डाळ दोन वाजताही टणटणीत असायची. काकू आत गॅसवर गुपचूप पिठलं टाकून ठेवायच्या आणि पाहुणे पिठलं-भाकरी खाऊन सौरऊर्जेचं कौतुक करून जायचे. शिर्डीच्या प्रसादालयाच्या गच्चीवर ७३ तबकड्या लावून उन्हाच्या वाफेवर हजारो माणसांचा स्वयंपाक होतो, हे उदाहरण काका तेव्हापासून देतात. "तिथे झाकण कोण उघडतं?" असं काकू तेव्हापासून विचारतात.

कुकरनंतर आला बंब. म्हणजे सोलर हीटर, पण काकूंच्या तोंडी बंबच. गच्चीवर तिरप्या काचेच्या नळ्या, त्यांच्या डोक्यावर आडवी टाकी. नळीत तापलेलं पाणी हलकं होऊन आपलं आपण वर चढतं, गार पाणी त्याच्या जागी खाली उतरतं. ना पंप, ना मोटर. हे यंत्र इतकं साधं आहे की त्यात नावं ठेवायला जागा नाही. जागा वेळापत्रकात आहे. मे महिन्यात, गार पाण्याने अंघोळ करावीशी वाटते तेव्हा, नळातून वाफा येतात. ऐन आषाढात, हाडं गोठलेली असताना, तोच नळ धरणाचं पाणी जसंच्या तसं सुपूर्त करतो. शिवाय टाकीतलं पाणी सगळ्यात कडक असतं संध्याकाळी पाचच्या सुमारास, आणि आपली पंचाईत अशी की आपण अंघोळ सकाळी करतो. काकांनी यावर पाणी बदलण्याऐवजी माणसं बदलायचं ठरवलं. कुणी पाहुणा आला की ते त्याला दुपारच्या चहाबरोबर टॉवेल देतात. "आत्ता करून घ्या. आत्ता पासष्ट अंश आहे." एका जावयाने एकदा ऐकलं नाही. सकाळी सहाला नळ सोडल्यावर वरच्या पाइपात रात्रभर साचलेलं पाणी आधी येतं, आणि ते गार असतं. ती दीड बादली ओतून द्यायची नाही, तुळशीला आणि जास्वंदीला घालायची, असा नियम दारावर लावलेला आहे. जावई पंचा गुंडाळून तुळशीला पाणी घालताना सगळ्या गल्लीने पाहिला. फार धार्मिक मुलगा, असं त्याचं नाव झालं.

पॅनलची गोष्ट मात्र कागदपत्रांपासून सुरू होते. पहिल्याच पायरीला अर्ज अडकला, कारण विजेचं बिल काकांच्या वडिलांच्या नावावर. वडील जाऊन अठरा वर्षं झाली होती, पण बिल त्यांच्याच नावाने यायचं आणि काका इमानेइतबारे भरायचे. आस्थापना शाखेतल्या माणसाकडून हे व्हावं! मग मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, घरपट्टीची पावती. पुण्याच्या बहिणीची सही आणायला काका स्वतः गेले. सहीबरोबर तिने आईच्या पाटल्यांचा विषय काढला, तो अजून मिटलेला नाही. काकूंना खर्चही पटत नव्हता. अनुदान नंतर खात्यात येणार, आधी पावणेदोन-दोन लाख आपल्या खिशातून. काका म्हणाले, "अगं, पाच-सहा वर्षांत वसूल. पुढे फुकट. पॅनलची वॉरंटी पंचवीस वर्षांची आहे." काकू भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आणि तुमची?"

त्यांचा खरा विरोध खर्चाला नव्हता, जागेला होता. गच्ची ही काकूंची मिळकत. चैत्र-वैशाखात तिथे कुरडया, सांडगे, भरल्या मिरच्या, उन्हातला मुरांबा. वर्षाची बेगमी तिथे व्हायची. तीन किलोवॉटला जवळपास तीनशे चौरस फूट लागतात. स्ट्रक्चर आठ फूट उंच केलं असतं तर खालून माणूस हिंडला असता, पण लोखंड वाढलं असतं. काकांनी लोखंडात बचत केली आणि घरात वैर विकत घेतलं. पॅनल कमरेएवढी लागली. त्यांच्या खाली फक्त कबुतरं आणि वाकलेले काका जाऊ शकतात. "माझं सोलर तुमच्या आधी चाळीस वर्षांपासून चालू आहे," काकू म्हणाल्या, "मला कोणी अनुदान दिलं नाही." शेवटी नैर्ऋत्येचा कोपरा वाळवणासाठी राखीव ठरला. दोघांमध्ये पांढऱ्या ऑइलपेंटची रेघ आहे.

सावली हा काकांचा जन्माचा शत्रू आहे. पॅनल एका ओळीत जोडलेली असतात, आणि एकावर सावली पडली की ओळीचंच काम ढेपाळतं. एक टेबल रजेवर गेलं की फाइल अडते, हे काकांना शिकवायला लागत नाही. एकदा सकाळी अकराला ते आमच्या ओसरीवर बसले होते. अ‍ॅपमध्ये उत्पादनाची रेघ डोंगरासारखी चढत होती, ती मध्येच कोसळली. आभाळ तर निरभ्र. काका चपला न घालता पळाले. मीही मागे गेलो. तिसऱ्या पॅनलवर काकूंची नऊवारी वाळत होती. दोरीवरून वाऱ्याने उडाली आणि पॅनलवर चापूनचोपून बसली. काकांनी ती दोन बोटांनी, अत्यंत आदराने उचलली, खिशातून मोबाइल काढला आणि रेघ पुन्हा वर चढेपर्यंत साडी हातात धरून तसेच उभे राहिले. त्या दिवशीचा शेरा : "कामात बाह्य हस्तक्षेप."

दसऱ्याला शस्त्रपूजा असते, तशी काकूंनी भोळ्या भावाने पॅनलचीही पूजा केली. प्रत्येक काचेच्या मधोमध हळद-कुंकवाची पाच बोटं आणि वर झेंडूची माळ. काकांची मोठी कुचंबणा झाली. देवाचं पुसता येत नाही आणि ठेवलं तर सावली. त्यांनी पंचांग पाहिलं, मुहूर्त संपल्याची खात्री केली आणि बोटं काचेवरून काढून अल्युमिनियमच्या चौकटीवर बदली केली. बदलीचा आदेश मात्र तोंडी होता.

शेजारच्या नारळाशी त्यांचा वाद तीन वर्षांचा आहे. पलीकडचे घरमालक वर मजला चढवणार अशी हूल उठली तेव्हा काकांनी २२ डिसेंबरला, सूर्य सगळ्यात खाली असताना, गच्चीवर खडूने सावल्यांचा नकाशा काढला आणि सगळ्या गल्लीला चहाला बोलावून दाखवला. पण त्यांची मोठी तक्रार अजिंक्यताऱ्याबद्दल आहे. किल्ला गावाच्या दक्षिणेला, आणि पॅनलचं तोंडही दक्षिणेलाच करावं लागतं. "बाराव्या शतकात शिलाहार भोजराजाने किल्ला बांधला," काका म्हणतात, "पण दिशेचा विचार केला नाही." डोंगर भोजराजाच्या आधीपासून तिथे आहे, असं मी म्हणून पाहिलं. "म्हणून काय त्याच्यावर आणखी बांधायचं?" असं उत्तर आलं. त्या डोंगराची सावली काकांच्या गच्चीपर्यंत पोचत नाही, ही गोष्ट वेगळी.

याच जिल्ह्यात, पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, तेव्हा काका एस.टी.ने मुद्दाम जाऊन आले. आल्यावर दोन दिवस गप्प होते. सगळ्या गावाच्या छपरांवर पॅनल, म्हणजे तिथे कोणालाच कोणी सोलरकाका म्हणत नसणार, ही गोष्ट त्यांना लागली असावी.

लोकांना वाटतं, कडक उन्हाळा म्हणजे काकांची दिवाळी. मे महिन्यात घामाने निथळलेला कोणी ना कोणी त्यांना म्हणतोच, "काका, तुमची चंगळ आहे." असं म्हणणाऱ्याला काका पाऊण तास सोडत नाहीत. पॅनलला ऊन हवं असतं, उकाडा नको असतो. कारखान्यात त्याची ताकद मोजतात ती २५ अंश तापमानाला. त्यापुढे काच जितके अंश तापेल तितक्या वेळा पाव-अर्धा टक्का वीज घटते, आणि मे महिन्यात काच साठीच्या पुढे जाते. सगळ्यात चांगलं काम होतं ते फेब्रुवारी-मार्चच्या सुरुवातीच्या निरभ्र, थंड, वारा सुटलेल्या दिवशी. आइन्स्टाइनला १९२१ चं नोबेल सापेक्षतावादासाठी नव्हे, प्रकाशविद्युत परिणामासाठी मिळालं, आणि अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने १९५४ साली दाखवलेला सिलिकॉनचा सौरघट जेमतेम सहा टक्के ऊन वापरायचा, ही माहिती याच पाऊण तासात मिळते. आमच्या न्हाव्याला ती तोंडपाठ आहे. तो दाढी करताना इतरांना सांगतो.

मे महिन्यात काकांना एकच दिवस प्रिय आहे. दुसऱ्या आठवड्यात सूर्य साताऱ्याच्या बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली नाहीशी होते. शून्य सावलीचा दिवस. काका गच्चीवर फुलपात्र ठेवतात, गल्लीतली पोरं गोल करून बसतात, सावली आत आत सरकते आणि नाहीशी होते. पोरं टाळ्या वाजवतात. पन्हं मिळतं. हा योग वर्षातून दोनदा येतो, पण दुसऱ्यांदा येतो ऑगस्टच्या सुरुवातीला, आणि तेव्हा साताऱ्यात फुलपात्र ठेवलं तर ते भरतं.

आता तो प्रसंग सांगायलाच हवा, कारण गल्लीत तो काकांच्या नावाबरोबर कायमचा जोडला गेला आहे. ऐन एप्रिल, दुपारी एक, रणरणतं ऊन, आणि लाइट गेली. सगळी गल्ली पुठ्ठ्यांनी वारा घेत बाहेर आली आणि साहजिकच काकांच्या घराकडे वळली. काका पायरीवर बसले होते, पुठ्ठ्याने वारा घेत.

"तुमची कशी गेली?"

काकांनी घसा साफ केला. संच कंपनीच्या तारेला जोडलेला आहे. तारेतली वीज गेली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, आणि व्हायलाच पाहिजे. कारण लाइट गेली म्हणून खांबावर वायरमन चढलेला असतो. तार मेली आहे असं समजून तो हात घालणार, आणि त्याच वेळी आपली पॅनल त्या तारेत वीज सोडत राहिली तर? सगळ्यांनी माना डोलावल्या. मुद्दा बिनतोड होता. बॅटरी आणि तिच्यावर चालणारा इन्व्हर्टर असता तर घरापुरती वीज राहिली असती, पण बॅटरीचा खर्च काकांनी लोखंडाबरोबरच वाचवला होता.

काकू दारात आल्या. "म्हणजे ऊन आहे," त्या म्हणाल्या, "पॅनल आहेत, पंखा आहे, आपण आहोत. फक्त लाइट नाही."

त्या संध्याकाळी मी मुद्दाम रजिस्टर बघायला गेलो. शेरा होता : "सूर्य हजर. काम देता आले नाही."

हे सगळं वाचून काका चिक्कू आहेत असं कोणाला वाटेल. होते. नेट मीटर लागेपर्यंत होते. नेट मीटर दोन्हीकडची वीज मोजतं. दिवसा जास्तीची तारेत गेलेली आणि रात्री तारेतून घेतलेली. काका तिला आयात-निर्यात म्हणतात. "आज आठ निर्यात" असं ते भाजीवाल्यालाही सांगतात आणि निर्यातदाराला शोभेलशी कोथिंबीर फुकट मागतात. शिल्लक युनिट पुढच्या महिन्याच्या बिलात वळते होतात, बिल उतरतं, स्थिर आकार तेवढा राहतो. त्याच्यावरून काकांनी तीन अर्ज केले आहेत. पण वर्ष संपलं, ३१ मार्च उलटला, की उरलेल्या युनिटचा हिशोब कंपनी मिटवते, आणि तो दर आपण विजेला मोजतो त्याच्या आसपासही नसतो.

कवडीमोलाने द्यायचे? ज्यांच्या प्रत्येक युनिटपुढे आपली सही आहे, ते?

मार्च लागला की या माणसाचा कायापालट होतो. ज्या घरात पाहुणा उठला की पंखा बंद व्हायचा, तिथे दुपारी दोनला एसी लावून काका रस्त्यावरच्या ओळखीच्या माणसाला हाताला धरून आत नेतात. गल्लीतल्या इस्त्रीचे कपडे त्यांच्याकडे जातात. घरघंटीवर पाच घरांची भाजणी, थालीपिठाचं पीठ, शेजारच्या नारळवाल्यांचं बेसनसुद्धा. मिक्सर, वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर. काकूंच्या कुरडयांचा गव्हाचा चीकही आता इंडक्शनवर शिजतो, आणि पांढऱ्या रेघेवर बसून काका तो स्वतः ढवळतात. रात्री जेवताना काकू विचारतात, "किती उरले?" काका आकडा सांगतात, आणि काकू अनारशांचे तांदूळ भिजत घालतात. चाळीस वर्षांत त्या दोघांचं एका हिशोबावर एकमत झालेलं मी एवढंच पाहिलंय.

आम्हीही आता पॅनल बसवतोय. बिल कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहिलं, आणि स्ट्रक्चर आठ फुटी घेतलं. ते काकूंनी निक्षून सांगितलं होतं.

तुमचं कधी साताऱ्याला येणं झालं आणि काकांना भेटावंसं वाटलं, तर मार्चच्या शेवटच्या पंधरवड्यात या. इस्त्रीचे कपडे बरोबर आणा, दळणही आणलंत तरी चालेल. जुलैत येऊ नका. आणि आलातच, तर काय वाटेल ते विचारा, पण "आज किती झाले?" एवढं विचारू नका. अंघोळीचा टॉवेल हातात मिळाला, तर निमूटपणे जाऊन या.